भयपट घरी आला, त्याचा हिशेब कुठे गेला?

मोठ्या स्टुडिओच्या पैशाशिवाय आणि नावाजलेल्या चेहऱ्यांशिवाय केलेला एखादा स्वतंत्र भयपट चित्रपटगृहात न येता थेट ओटीटीवर आला की ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, भीती ही अंधाऱ्या सभागृहात, अनोळखी माणसांमध्ये बसून अनुभवायची गोष्ट. मोबाइलवर भयपट पाहणं म्हणजे त्याचा जीव घेणं. दुसरी बाजू म्हणते, या चित्रपटांना चित्रपटगृहं मिळत होती कधी? आता निदान जगभर दिसतात तरी. दोघेही तावातावाने बोलतात आणि दोघेही पडद्याच्या आकाराबद्दलच बोलतात. वाद तिथेच फसतो, असं माझं मत आहे. स्वतंत्र भयपटाचं भवितव्य दोन गोष्टींवर ठरतं. तो किती लोकांनी पाहिला हे उघडपणे कळतं का? आणि आज एका दाराने गेलेला चित्रपट उद्या दुसऱ्या दाराने पुन्हा लोकांपुढे नेण्याचा हक्क बनवणाऱ्याकडे उरतो का? ओटीटीच्या एकरकमी, सर्वहक्क करारांत या दोन्ही गोष्टी त्याच्या हातून जातात. त्या त्याच्याकडे राहिल्या, तर घरच्या पडद्याने भयपटाचं काही बिघडणार नाही.

चित्रपटगृहाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं आधी घेऊ, कारण ते खरं आहे. त्याला जुन्या आठवणींचा उमाळा म्हणून बाजूला सारणारे लोक भयपट कसा बनतो याचा विचार करत नाहीत. भयपटाच्या दिग्दर्शकाचं मुख्य हत्यार म्हणजे वेळ. रिकाम्या जिन्यावर कॅमेरा किती वेळ रोखून धरायचा, शांतता कुठवर ताणायची, प्रेक्षकाने श्वास सोडताच घाव घालायचा की त्याला अजून थोडा वेळ सुरक्षित वाटू द्यायचं, हे सगळं संकलनाच्या टेबलावर क्षणाक्षणाने तोललेलं असतं. सभागृहात ही वेळ दिग्दर्शकाच्या ताब्यात असते, घरी ती रिमोटच्या ताब्यात जाते. चित्र थांबवणारा, पुढे ढकलणारा, नको त्या क्षणी आवाज बारीक करणारा प्रेक्षक स्वतःच स्वतःची सुटका करून घेतो. शिवाय भीती पसरते. मागच्या रांगेत कुणी दचकलं की तो शहारा पुढच्या रांगेपर्यंत येतो, आणि नंतर सगळं सभागृह ओशाळून हसतं तेही त्या अनुभवाचाच भाग असतं. कमी खर्चाच्या भयपटाला या सगळ्याची गरज जास्त, कारण त्याच्याकडे दाखवायला फारसं काही नसतं. अंधार, आवाज आणि चौकटीबाहेर काहीतरी आहे ही जाणीव, एवढंच त्याचं भांडवल. घरी ते भांडवल घटतं, हे मला मान्य आहे.

पण चित्रपटगृहाबाहेर भयपट जगतच नाही हे खरं असतं, तर तो कधीच संपला असता. 1957 साली युनिव्हर्सलच्या जुन्या 52 चित्रपटांचा एक संच अमेरिकेतल्या दूरचित्रवाणी केंद्रांना विकला गेला. रात्री उशिरा लागणाऱ्या त्या खेळांमुळे 1930च्या दशकातले राक्षस आणि पिशाच्चं एका नव्या पिढीच्या घरात शिरली, आणि त्याच पिढीतून पुढचे भयपट दिग्दर्शक निघाले. कॅन्ससमध्ये शैक्षणिक आणि औद्योगिक लघुपट करणाऱ्या हर्क हार्वीने सुमारे 33 हजार डॉलरांत 'कार्निव्हल ऑफ सोल्स' केला. 1962 साली तो आला आणि कुणाच्या लक्षातही न येता गेला. त्याला प्रेक्षक मिळाला तो पुढे मध्यरात्रीच्या दूरचित्रवाणीवर, घरोघरी एकेकट्याने जागणारा. आणि त्या प्रेक्षकाच्या जोरावर 1989 साली तो पुन्हा चित्रपटगृहांत आला. नंतर व्हिडिओ कॅसेटचा काळ आला तेव्हाही भयपटाचा अंत झाल्याची हाकाटी झाली होती. प्रत्यक्षात भयपटाने कॅसेटलाच भीतीची वस्तू बनवलं. 1998 सालच्या जपानी 'रिंगू'मध्ये शाप येतो तो घरात लावलेल्या टेपमधून. 2020च्या टाळेबंदीत रॉब सॅव्हेजने 'होस्ट' केला तो मुळी व्हिडिओ कॉलच्या खिडक्यांमध्ये. त्यातले कलाकार आपापल्या घरी, आणि बहुतेक प्रेक्षकही आपापल्या घरी, त्याच लॅपटॉपसमोर. तासाभराचाही नसलेला तो चित्रपट शडर या भयपटांना वाहिलेल्या ओटीटीवर आला आणि वर्षातल्या सर्वात गाजलेल्या भयपटांपैकी एक ठरला. सभागृहाची भीती एक, आणि रात्री दोन वाजता मागे उघड्या दाराकडे पाठ करून एकट्याने बसल्याची भीती दुसरी. तिचं तंत्र वेगळं आहे, पण ती दुय्यम आहे असं कुठे ठरलं?

चित्रपटगृहांच्या ज्या काळाबद्दल गहिवरून लिहिलं जातं त्या काळात भयपट बनवणाऱ्यांच्या पदरात काय पडलं, हेही पाहायला हवं. जॉर्ज रोमेरो आणि त्याच्या सोबत्यांनी पिट्सबर्गच्या परिसरात एक लाख डॉलरांहून थोड्या अधिक पैशांत 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' उभा केला. 1968 साली प्रदर्शनाआधी वितरकाने त्याचं नाव बदललं आणि नवी नामावली घालताना कॉपीराइटची ओळ गळाली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात तेवढी चूक पुरेशी होती. चित्रपट सार्वजनिक मालमत्ता झाला. जगभर तो दाखवला गेला, लाखो लोकांनी पाहिला, पण त्या कमाईचा मोठा वाटा बनवणाऱ्यांपर्यंत पोहोचलाच नाही. 1974 सालच्या 'द टेक्सस चेन सॉ मॅसकर'ने अमेरिकेत कोट्यवधी डॉलर मिळवले. त्याची वितरक कंपनी गुन्हेगारी टोळीशी संबंधित लोकांची होती. नफ्यातला वाटा कबूल केलेल्या कलाकार-तंत्रज्ञांच्या हाती नगण्य रकमा आल्या आणि पुढे कंपनीच बुडाली. 1999 सालचा 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' सनडान्स महोत्सवात 11 लाख डॉलरांना विकला गेला आणि त्याने जगभरात 24 कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमवला. ज्यांच्या चेहऱ्यांवर आणि ज्यांनी स्वतः हातात धरलेल्या कॅमेऱ्यांवर तो चित्रपट उभा आहे, त्या तिन्ही कलाकारांना 2024 सालीही आपल्या मोबदल्यासाठी उघड पत्र लिहावं लागलं. मोठ्या पडद्याने कुणाला न्याय दिला, असा सूर लावण्याआधी ही नावं आठवावीत.

मग चित्रपटगृहाने स्वतंत्र भयपटाला नेमकं दिलं काय? माझ्या मते उघड पुरावा दिला. तिकीट विकलं की आकडा तयार होतो, आणि तो छापून येतो. तो आकडा वितरकाला लपवता येत नाही, स्पर्धकाला नाकारता येत नाही आणि पुढच्या चित्रपटासाठी पैसे मागायला गेलेल्या दिग्दर्शकाला तो टेबलावर ठेवता येतो. ज्याच्यामागे तारे नाहीत, घराणं नाही, स्टुडिओ नाही, त्याच्याकडे सौदा करायला दुसरं असतं काय?

'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी'ची गोष्ट इथे नीट सांगायला हवी, कारण ती बहुतेक वेळा 'पंधरा हजारांचे कोट्यवधी झाले' एवढ्यावर संपवली जाते. ओरेन पेलीने 2006 साली स्वतःच्याच घरात, सुमारे आठवडाभरात, पंधरा हजार डॉलरांत तो चित्रित केला. 2007 मध्ये तो एका भयपट महोत्सवात दाखवला गेला. मोठ्या कंपनीला तो आवडला, पण जसा होता तसा नको होता. कल्पना आवडली, म्हणून मोठ्या खर्चात, नव्या कलाकारांसह तो पुन्हा करायचा आणि मूळ चित्रपट डीव्हीडीवर जोड म्हणून द्यायचा, असा बेत होता. पेली आणि त्याच्या निर्मात्याने एक अट घातली: नव्याने करण्यापूर्वी मूळ चित्रपट एकदा सामान्य प्रेक्षकांसमोर दाखवा. तो खेळ झाला. लोक उठून बाहेर जायला लागले. कंपनीच्या माणसांना वाटलं, चित्रपट पडला. चौकशी केल्यावर कळलं की लोक घाबरून बाहेर पडत होते, त्यांना पुढचं पाहवत नव्हतं. बेत बदलला. 2009 साली मूळ चित्रपट मोजक्या शहरांत मध्यरात्रीच्या खेळांनी सुरू झाला, 'आमच्या शहरात आणा' अशी मागणी लोकांनी ऑनलाइन नोंदवायची होती, आणि दहा लाख मागण्या जमल्यावर तो देशभर लागला. त्याने जगभरात 19 कोटी डॉलरांहून अधिक मिळवले.

या गोष्टीत पडदा मोठा होता हे महत्त्वाचं नाही. अधिकाऱ्याचा अंदाज एका बाजूला आणि खुर्च्या सोडून जाणारी माणसं दुसऱ्या बाजूला, असा सामना झाला आणि तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाला. हाच चित्रपट आज एखाद्या ओटीटीने विकत घेतला असता, तर किती जणांनी तो घाबरून मध्येच बंद केला हे यंत्राला सेकंदापर्यंत कळलं असतं. ओरेन पेलीला ते कुणी सांगितलं असतं का? कदाचित 'पूर्ण पाहणाऱ्यांचं प्रमाण कमी' एवढीच नोंद झाली असती, आणि भीतीचा सर्वात मोठा विजय त्याचं अपयश म्हणून गणला गेला असता.

मोठ्या कंपन्यांनाही हा पुरावा लागतो. 'स्माइल' हा चित्रपट ओटीटीसाठी केला होता. चाचणी खेळातला प्रतिसाद पाहून तो 2022 साली चित्रपटगृहांत आणला गेला आणि त्याने 21 कोटी डॉलरांवर कमाई केली. 2023चा 'इव्हिल डेड राइज' याच वाटेने गेला. हे दोन्ही स्वतंत्र चित्रपट नाहीत, पण त्यामुळेच मुद्दा ठसतो. ज्यांच्याकडे सगळी आकडेवारी आहे त्यांनाही सभागृहातल्या माणसांसमोर स्वतःचा अंदाज बदलावा लागला, तर ज्याच्याकडे काहीच नाही त्याचं काय? 2020 च्या मे महिन्यात, अमेरिकेतली चित्रपटगृहं बंद असताना, 'द रेचेड' नावाचा छोटा भयपट गाडीत बसून पाहायच्या उघड्या मैदानांत लागला आणि त्याच वेळी घरबसल्या भाड्यानेही मिळू लागला. मैदानांतली तिकीटविक्री एरवीच्या मानाने किरकोळ होती. तरी अनेक आठवडे बॉक्स ऑफिसच्या यादीत तो पहिला राहिला, त्याची बातमी झाली, आणि ज्यांनी कधी नाव ऐकलं नसतं त्यांनी तो घरी शोधून पाहिला.

आता ओटीटीच्या बाजूचं म्हणणं. त्यातला सर्वात बळकट मुद्दा प्रदर्शनाच्या खर्चाचा आहे. चित्रपट बनवण्यापेक्षा तो लोकांना माहीत करून देणं महाग असतं. लाखभर डॉलरांच्या चित्रपटामागे जाहिरातीचे अनेक लाख घालणारा वितरक क्वचितच भेटतो. पडदे मोजके आणि पहिल्या शुक्रवारीच फैसला. मोठ्या शहरांबाहेर तर असे चित्रपट लागतही नसत, त्यामुळे आवड असूनही लाखो लोक त्यांना मुकत. उपशीर्षकांसह परभाषेतला भयपट एका रात्रीत कितीतरी देशांत पोहोचणं ही लहानसहान गोष्ट नाही. आणि शेवटचा मुद्दा माणुसकीचा आहे: ज्याने नातेवाइकांकडून, मित्रांकडून उसने पैसे घेऊन चित्रपट केला त्याला ओटीटीचा एक धनादेश त्या ऋणातून मोकळं करतो. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लाग, असं त्याला कुणी कुठल्या तोंडाने सांगावं?

मी तसं सांगत नाही. धनादेश घ्यावाच. प्रश्न एवढाच की त्या धनादेशाच्या बदल्यात काय काय लिहून दिलं जातं. एकरकमी, सर्व प्रदेशांसाठी, सर्व माध्यमांसाठी, कायमचं, आणि वर किती लोकांनी पाहिलं ते न सांगता: हे सौद्याचं एक रूप झालं, तंत्रज्ञानाची सक्ती नव्हे. व्हिडिओ कॅसेटचा काळही घरच्या पडद्याचाच होता, पण तेव्हाचं अर्थकारण पाहा. दुकानदार प्रत विकत घेत असे. प्रत विकली की तिची नोंद होत असे. दुकानांना फळ्या भरायला नवा माल लागे, म्हणून थेट व्हिडिओसाठी बनणाऱ्या भयपटांची अख्खी एक पिढी पोसली गेली. सॅम रेमी आणि त्याच्या मित्रांनी मिशिगनमध्ये ओळखीपाळखीच्या लोकांकडून पैसे गोळा करून केलेला 'द इव्हिल डेड' ब्रिटनमध्ये 1983 साली चित्रपटगृहांत आणि कॅसेटवर एकाच वेळी आला. हो, एकाच वेळी. आज जे नवं संकट म्हणून सांगितलं जातं ते तेव्हाच घडलं होतं. तो त्या काळातल्या सर्वाधिक चाललेल्या कॅसेटींपैकी एक ठरला, इतका की त्याच्यावर खटले भरले गेले आणि 1984 साली व्हिडिओंवर निर्बंध घालणारा कायदा आला, त्या गदारोळात त्याचं नाव पुढे होतं. एकाच वेळी दोन पडद्यांवर येऊन त्याचं काय नुकसान झालं? उलट, त्याचा प्रेक्षक दोन्ही ठिकाणी दिसला, मोजला गेला, आणि त्या बळावर पुढचे भाग झाले.

हक्कांचा प्रश्न पैशापुरता नाही, चित्रपट टिकण्याचाही आहे. ऑगस्ट 2022 मध्ये एका मोठ्या ओटीटीने खर्च वाचवायला डझनावारी शीर्षकं काढून टाकली. मे 2023 मध्ये दुसऱ्या एकाने तेच केलं. त्याच ओटीटीने पुढे जूनअखेरीस काढलेला एक चित्रपट प्रदर्शित होऊन जेमतेम सात आठवडे झाले होते. ज्याची डिस्क निघालेली नाही, जो चित्रपटगृहात कधी लागलेला नाही, तो अशा वेळी जातो कुठे? 1922च्या 'नोस्फेराटू'च्या सगळ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश जर्मन न्यायालयाने 1925 साली दिला होता. तरी आज आपण तो पाहू शकतो, कारण प्रती तोवर देशोदेशी पांगल्या होत्या आणि सगळ्या गोळा करणं कुणालाच जमलं नाही. रोमेरोचा चित्रपटही बनवणाऱ्यांना लुबाडून का होईना, टिकला तो असंख्य ठिकाणी असल्यामुळे. आज एकाच कंपनीच्या सर्व्हरवर असलेला भयपट नाहीसा करायला न्यायालय लागत नाही. जागतिक पोहोच म्हणतात तिला ही दुसरी बाजू आहे, आणि ओटीटीचं गुणगान करणारे तिच्याबद्दल फार कमी बोलतात.

दोन्ही दारं उघडी राहिली की काय होतं, याची उदाहरणं समोर आहेत. कॅनडातल्या काइल एडवर्ड बॉलने आपल्या लहानपणच्या घरात, सुमारे पंधरा हजार डॉलरांत 'स्किनामारिंक' केला. अतिशय संथ, अंधाऱ्या कोपऱ्यांकडे पाहत राहणारा, कथा जवळजवळ न सांगणारा चित्रपट. महोत्सवातल्या ऑनलाइन खेळातून तो फुटला, चोरून पाहिला गेला, त्याची चर्चा पसरली. जानेवारी 2023 मध्ये तो सहाशेहून अधिक चित्रपटगृहांत लागला, वीस लाख डॉलरांच्या आसपास कमाई केली आणि तीनच आठवड्यांत शडरवर आला. छोट्या पडद्यावर फुटलेल्या चित्रपटाने मोठ्या पडद्याची तिकिटं विकली. 'टेरिफायर' मालिकेचा पहिला भाग घरच्या पडद्यावर हळूहळू रुजला. दुसरा भाग चाहत्यांच्या वर्गणीच्या मदतीने अडीच लाख डॉलरांत झाला, चित्रपटगृहांत दीड कोटीपर्यंत गेला. वीस लाखांतला तिसरा 2024 साली नऊ कोटींच्या घरात पोहोचला. आणि राही अनिल बर्वेचा 'तुंबाड'? 2018 साली चित्रपटगृहांत तो माफक चालला, नंतर ओटीटीवर वर्षानुवर्षं लोक एकमेकांना सांगून पाहत राहिले, आणि सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आल्यावर त्याने पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली. घरच्या पडद्याने सहा वर्षं प्रेक्षक तयार केला. पुन्हा चित्रपटगृहात नेण्याचा हक्क कायमचा विकला गेला असता, तर त्या प्रेक्षकाला रांगेत उभं राहण्याची संधी मिळाली असती का?

यावर व्यवहारी माणसाचा आक्षेप ठरलेला असतो: मागणं ठीक आहे, पण छोट्या निर्मात्याचं ऐकणार कोण? आकडे हे या कंपन्यांचं गुपित, ते कधी सुटायचं नाही. पण ते थोडं सुटलं आहे. 2023 साली अमेरिकेतल्या लेखकांनी 148 दिवस संप केला. त्यानंतरच्या करारात मोठ्या खर्चाच्या ओटीटी-निर्मितींचे पाहण्याचे तास लेखकांच्या संघटनेला कळवण्याची अट आली आणि भरपूर पाहिल्या गेलेल्या कलाकृतींसाठी वाढीव मोबदलाही आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नेटफ्लिक्सने अठरा हजारांहून अधिक शीर्षकांचे सहामाही तास जाहीर केले. हे अपुरं आहे. लहान खर्चाचे, संघटनेबाहेरचे भयपट त्या करारात येत नाहीत, आणि जाहीर झालेल्या तासांवरून कुठल्या प्रदेशात किती आणि कुणी पाहिलं ते कळत नाही. पण अशक्य म्हणून सांगितलेली गोष्ट एकत्र मागितल्यावर काही महिन्यांत शक्य झाली, एवढं तरी त्यातून दिसतं.

म्हणून माझी अपेक्षा मध्यरात्रीचे विभाग चालवणाऱ्या महोत्सवांकडून आहे. स्पेनमधला सिट्जेस, मॉन्ट्रियलचा फँटेजिया यांसारख्या ठिकाणीच या चित्रपटांचे सौदे सुरू होतात, खरेदीदार तिथेच येतात आणि त्यांना या महोत्सवांची गरज आहे. एकटा दिग्दर्शक जे मागू शकत नाही त्याचा नमुना-करार या महोत्सवांनी एकत्र बसून तयार करावा: परवाना ठरावीक वर्षांचा, मुदत संपली की चित्रपट परत, त्या मुदतीतही चित्रपटगृहात खेळ लावण्याचा आणि डिस्क काढण्याचा हक्क निर्मात्याकडे, मूळ प्रत त्याच्याच ताब्यात, आणि दर तिमाहीला प्रदेशवार आकडे, किती जणांनी सुरू केला, किती जणांनी पुरा पाहिला आणि किती जण नेमक्या कुठल्या क्षणी बंद करून उठले, त्या नोंदीसकट.